गंगाजलातली गाठ

आमच्या मजल्यावरच्या शेवटच्या दारावर पितळी पाटी आहे. डॉ. आकांक्षा जयवंत हिंदळेकर, एम.बी.बी.एस., एम.डी. पॅथॉलॉजी. लालबागची आमची चाळ पाडून हा टॉवर उभा राहिला, दारांना अजून रंगाचा वास होता, तेव्हा जयवंतभाऊंनी ती करून घेतली. बाकी सगळ्यांच्या दारांवर गणपती, स्वस्तिक, नाहीतर गावच्या देवीचं नाव. भाऊंच्या दारावर मुलीची डिग्री. अंघोळ झाली की देवपूजेच्या आधी ते पंच्याने पाटी पुसत. मला ते खटकायचं. एकदा म्हटलंसुद्धा, भाऊ, आधी देव हवा. ते म्हणाले, "वहिनी, देवाला कोणी खोटं म्हणत नाही. हिला म्हणतात."

म्हणत होतेच. आकांक्षा एम.बी.बी.एस. झाली तेव्हा गणेशोत्सव मंडळाने गल्लीच्या तोंडाशी तिचा फोटो लावला होता, भाऊंना शाल दिली होती. सगळ्यांनी मनाशी धरलं होतं की पोरगी आता चिवडा गल्लीच्या आसपास दवाखाना टाकणार, रात्री-अपरात्री दार वाजवलं की उठणार, आणि आपल्याकडून काही घेणार नाही. तिने पॅथॉलॉजी घेतली आणि लोकांच्या तोंडचा घास गेला. आमच्याच मजल्यावरच्या, भजनी मंडळातल्या कमलाबाई सावंत तर जिन्यातच म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टर नाय गो, रक्त काढणारी." भाऊ लिफ्टमध्ये, वाण्याकडे, अंत्ययात्रेतसुद्धा लोकांना समजावत राहिले की रक्त काढणारा वेगळा, ही ते वाचणारी, डॉक्टर हिच्या कागदाची वाट बघत बसतात. लोक मान हलवत आणि भाऊ पुढे गेले की हसत.

लग्नाचं जमेना. गिरगावातलं एक स्थळ अगदी साखरपुड्याच्या बोलण्यापर्यंत आलं होतं. मुलाच्या आईने चहा पिता पिता विचारलं, दिवसभर माणसांचं कापलेलं मांस हाताळायचं आणि त्याच हातांनी नैवेद्य वाढायचा, हे कसं काय? भाऊंची मान खाली. आकांक्षा म्हणाली, "मी हातमोजे घालते. तुमचा मुलगा रविवारी मटण आणतो तेव्हा काय घालतो?" ते लोक बशीतली बिस्किटं तशीच टाकून उठले. त्यानंतर कोणी विचारलं नाही आणि तिनेही वाट बघितली नाही.

तिचं बोलणं असंच होतं, सुरी फिरवल्यासारखं. लिफ्टमध्ये लोक तिच्या नाकासमोर आपले रिपोर्ट धरायचे. एकदा मी असताना तिसऱ्या मजल्यावरच्या गंगाधरकाकांनी साखरेचा रिपोर्ट धरला होता. तिने एक नजर टाकली आणि म्हणाली, "काका, हा रिपोर्ट खोटं बोलत नाही. तुमच्या पिशवीतली जिलबी कोणासाठी?" काकांनी पुढे तिच्याशी बोलणं टाकलं. मी तिला म्हणायचे, अगं, जरा गोड बोल, लोकांना तेवढंच लागतं. ती म्हणायची, काकी, मी गोड बोलले तर समोरचा डॉक्टर चुकीचं कापेल.

तिचं काम नक्की काय, हे मला एका एकादशीला तिच्या हॉस्पिटलमध्ये डबा पोचवायला गेले तेव्हा कळलं. परळला, तळघरातली खोली. ऑपरेशनमध्ये शरीरातून काढलेला तुकडा औषधाच्या पाण्यात घालून बरणीतून तिच्याकडे येतो. त्या पाण्याच्या नुसत्या वाफेने डोळे चुरचुरतात. ते पाणी मांस आहे तसं धरून ठेवतं, कुजू देत नाही. मग ती तो तुकडा चिरते, त्यातले भाग मेणात बसवले जातात, मेणाचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतात, काचेवर घेऊन गुलाबी-जांभळे रंगवतात, आणि ती भिंगाखाली बघून ठरवते, साधं की वाईट. पेशंट तिला दिसत नाही. तिला पेशंट कधी हात जोडत नाही. मी विचारलं, मग तुला कसं कळतं की तुझ्यामुळे कोणी वाचलं? ती म्हणाली, "कळत नाही. चुकलं तरच फोन येतो." भाऊ गेले त्या वर्षी हे बोलणं झालं होतं. भाऊ वर्षभर अंथरुणात होते आणि ती हॉस्पिटल आणि घर यांतच फिरत होती. हे वर्ष पुढे तिला महागात पडलं.

आता श्रेयाचं सांगते. श्रेया म्हणजे कमलाबाईंची सून, निलेशची बायको. प्रभादेवीची मुलगी, बोलायला कमी, कामाला वाघ, पदरी शाळेत जाणारी मुलगी. तिच्या छातीत गाठ लागली. तिने ती आधी मला दाखवली, सासूला नाही. मी तिला आकांक्षाकडे नेलं. आकांक्षाने हात लावून बघितलं आणि म्हणाली, मोठ्या हॉस्पिटलात चल, आधी सुई घालून बघू, मग कापायचं की नाही ते ठरेल. पण निलेशच्या ऑफिसातल्या कोणाच्या ओळखीचा दादरला एक सर्जन होता, छोटं नर्सिंग होम. तो म्हणाला, एवढीशी तर आहे, काढूनच टाकतो, सुई वगैरे कशाला. काढली. अख्खी गाठ. आणि निलेशच्या हातात बरणी देऊन सांगितलं, लगेच लॅबला पोचव. आपल्याकडे छोट्या हॉस्पिटलांतून बरणी अशी घरच्यांच्याच हातात देतात. निलेशने आकांक्षाला फोन केला, की ताई, तुमच्याकडेच आणतो, घरची डॉक्टर असताना बाहेर कशाला. ती म्हणाली, आण, आत्ताच आण.

तो शुक्रवार होता. बरणी तिच्या तळघरात पोचली सोमवारी.

सोमवारी संध्याकाळी ती घरी आली ती आधी माझ्याकडे. चप्पलही काढली नाही. तिने विचारलं, काकी, शुक्रवारपासून ती बरणी कुठे होती? मला कुठून माहीत असणार. मग तिने सांगितलं. झाकण उघडल्यावर औषधाच्या पाण्याचा वास यायला हवा, तो नव्हता. कुजक्या मांसाचा वास होता. पाणी साधं, गढूळ. आणि गाठीला चिकटलेलं तुळशीचं पान.

आतून गाठ कालवणासारखी झाली होती. तिने तरी जमतील तेवढे काप काढले. भिंगाखाली नुसत्या सावल्या, पेशींचा मागमूस नाही. कडेला एक-दोन जागा तिला आवडल्या नाहीत, पण तेवढ्यावर वाईट म्हणता येत नव्हतं आणि साधं तर मुळीच म्हणता येत नव्हतं. पुन्हा तुकडा मागवायचा तर गाठ शिल्लकच नाही, सगळी बरणीत सडलेली.

तिने रिपोर्ट लिहिला तो असा, की तुकडा योग्य द्रवात न ठेवल्याने कुजलेला आहे, सोबत वनस्पतीचं पान आढळलं, निदान करता येत नाही, गाठ काढलेली जागा ताबडतोब पुन्हा उघडून आजूबाजूचा भाग तपासावा. खाली सही, डिग्री, नोंदणी नंबर.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः कमलाबाईंच्या घरी गेली. मला सोबत नेलं. कमलाबाई देवघरासमोर वाती वळत होत्या. आकांक्षाने सरळ विचारलं, काकी, बरणी उघडली होती का? कमलाबाईंनी वातीवरून नजर काढली नाही. म्हणाल्या, दिली तशी पाठवली, आम्ही कशाला हात लावतोय. निलेश म्हणाला, शनिवारी तुमची लॅब बंद असेल म्हणून सोमवारी दिली, त्यात काय. आकांक्षा म्हणाली, हॉस्पिटल कधी बंद असतं का? आणि पानाचं विचारलं. तेव्हा कमलाबाईंनी तोंड वर केलं.

"पान तुमच्याकडेच पडला असतला. मेलेल्या माणसांच्या खोलीत काय काय पडता, तां काय माका म्हायत नाय?"

श्रेया आतल्या खोलीत पडून होती, टाके ताजे. तिला सगळं ऐकू येत होतं. आकांक्षाने कमलाबाईंशी वाद घातला नाही. आत जाऊन श्रेयाला सांगितलं, मला माहीत नाही तुला काय आहे, आणि ते माहीत करून घ्यायला पुन्हा कापावं लागेल. श्रेयाने विचारलं, पुन्हा? आणि भिंतीकडे तोंड केलं.

दादरच्या सर्जनला हे नकोच होतं. अशा रिपोर्टने त्याच्याकडेही बोट जातं, सुई न घालता कापलं कसं म्हणून. तो निलेशला म्हणाला, त्या बाईंनी तुकडा खराब केला आणि आता हात झटकतायत. निलेशने एका दिवसात तक्रार लिहिली, हॉस्पिटलकडे आणि डॉक्टरांच्या कौन्सिलकडे. आणि तक्रार करता करता त्याला कौन्सिलच्या यादीत आकांक्षाचं नाव सापडलं, त्यापुढे नोंदणीची मुदत संपल्याचं लिहिलेलं.

गोष्ट एवढीच होती. डॉक्टरांना दर काही वर्षांनी ती नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते. तिची मुदत संपली ती भाऊंच्या शेवटच्या आजारात. ती बापाची अंथरुणं बदलत होती, तिच्याकडून राहून गेलं. डिग्री तीच, डोळे तेच. पण निलेशने त्या यादीचा फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, बोगस डॉक्टरपासून सावध. खाली हात जोडलेल्या, संतापलेल्या इमोजींची रांग लागली. गंगाधरकाकांनी लिहिलं, मला पहिल्यापासून संशय होता. ज्यांनी लिफ्टमध्ये तिच्या नाकासमोर रिपोर्ट धरले होते त्यांनीच लिहिलं.

हॉस्पिटलने चौकशी लावली. नोंदणी होईपर्यंत सही करायची नाही, असा हुकूम. मग ती भिंगाखाली बघायची आणि विनीत नावाचा तिचा ज्युनियर, ज्याला तिनेच तिथे बसायला शिकवलं, तो खाली सही करायचा. मुलगा चांगला, सही करताना मान वर करत नसे. ती मला म्हणाली, "काकी, मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट एवढंच, की श्रेयाच्या कागदावरची माझी सही आता कोणी वाचणार नाही." आणि तेच झालं. निलेशने तिच्या हॉस्पिटलमधून गाठीचे मेणात बसवलेले ठोकळे मागून घेतले आणि ठाकूरद्वारच्या एका लॅबमध्ये नेऊन दिले. तिथला डॉक्टर म्हणे तिथे बसतच नाही, पाच-सहा लॅबांना त्याची सही पुरते. रिपोर्ट दोन दिवसांत आला. तपासलेल्या भागात कॅन्सर दिसला नाही.

सावंतांच्या घरात पेढे आले. पौर्णिमेला सत्यनारायण ठरला. भजनी मंडळाला आमंत्रण होतं, मी गेले. पूजेला मी नाही म्हणत नाही, ती देवाची असते, कोणाच्या घरची नसते. श्रेया आणि निलेश पूजेला बसले होते. श्रेयाने जांभळी पैठणी नेसली होती, डावा हात अजून अंगाशी धरून. कथा झाली, आरती झाली, बायका तीर्थाला पुढे सरकल्या, आणि कमलाबाईंना राहवलं नाही. पळी हातात तशीच धरून त्या बोलायला लागल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा.

त्यांनी सगळं सांगितलं. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शुक्रवारी निलेश बरणी घेऊन निघाला तेव्हा त्यांनीच अडवलं, सुनेचं मांस चिरफाडीला जायच्या आधी देवासमोरून जाऊ दे. झाकण उघडलं तर विषारी वास, डोळ्यांत पाणी आलं. असलं विष देवघरात ठेवायचं कसं? मग त्यांनी ते मोरीत ओतलं, काशीहून आणलेलं गंगाजल बरणीत भरलं, वर तुळशीचं पान ठेवलं, आणि शनिवार-रविवार बरणी देवासमोर ठेवून जप केला.

"वाईट व्हता ता गंगेत विरघळला," कमलाबाई म्हणाल्या. "म्हणूनच साधा निघाला. माझ्या देवानं केल्यान."

बायकांनी हात जोडले. कोणीतरी कमलाबाईंच्या पाया पडलं. मी बघितलं, श्रेयाही हात जोडून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते सुटका झालेल्या माणसाचं होतं.

आकांक्षा दारात उभी होती. हॉस्पिटलमधून तशीच आलेली, खांद्याला पिशवी. तिला आमंत्रण नव्हतं. ती आत आली आणि चौरंगाच्या बाजूने सरळ श्रेयाजवळ जाऊन खाली बसली.

"श्रेया, आत्ता आई काय म्हणाल्या ते ऐकलंस? गाठ त्या पाण्यात सडली. त्या नव्या रिपोर्टात ती साधी होती असं लिहिलेलं नाही. दिसलं नाही, असं लिहिलंय. सडलेल्या मांसात काहीच दिसत नसतं. जागा उघडून घे. याच आठवड्यात. मी सर्जन बघते, मी सोबत येते."

निलेश पूजेच्या पाटावरूनच म्हणाला, "ताई, तुमची सही तरी चालते का आता?"

बायका हसल्या. मोठ्याने नाही, पदराआड. मी म्हटलं, निलेश, सही बंद असेल, तिचे डोळे बंद नाहीत. कमलाबाई माझ्यावर उलटल्या, की तू तिच्या बाजूच्या दारात रवतंस, तुकाय तिची बाधा झाली. मग आकांक्षाकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या त्या भिंगातून देव दिसता काय गो, चेडवा?"

"नाही," आकांक्षा म्हणाली. "तुम्ही काय केलंत ते दिसतं."

श्रेया उठली. तिला हे थांबवायचं होतं, एवढंच. द्रोणात शिरा घेऊन ती आकांक्षापुढे आली आणि म्हणाली, ताई, आज पूजा आहे, आज नको. कमलाबाईंनी तिच्या हातातून द्रोण काढून घेतला आणि शिरा वरूनच आकांक्षाच्या ओंजळीत टाकला, हाताला हात लागणार नाही असा. थोडा खाली सांडला. आकांक्षाने तो उचलला, तिथेच उभं राहून सगळा खाल्ला, रुमालाने हात पुसले आणि गेली.

मी प्रयत्न सोडला नाही. पुढच्या मंगळवारी श्रेयाला सिद्धिविनायकाला घेऊन गेले. परतताना तिला सांगितलं, अगं, देवच सांगतोय असं समज, आकांक्षाच्या तोंडून. माझा देवावर तुझ्या सासूएवढाच विश्वास आहे, पण गंगाजल प्यायचं असतं, त्यात मांस मुरवायचं नसतं. ती हसली. मग म्हणाली, "काकी, दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात. त्यातली एक खरी मानली तर सासू खुनी ठरते. राहायचं मला कोणाच्या घरात आहे?"

तिच्या माहेरच्यांना मी कळवलं. त्यांनी निलेशला विचारलं, निलेशने ठाकूरद्वारचा रिपोर्ट पाठवला, त्यांनी तोच खरा मानला.

आकांक्षाने नोंदणीसाठी डॉक्टरांच्या लेक्चरांना हजेऱ्या लावून मिळवावे लागतात ते गुण पुरे केले, कौन्सिलने नोंदणी करून दिली. बरणी उशिरा आली हे हॉस्पिटलच्या चौकशीत मान्य झालं. तिची सही परत सुरू झाली. सोसायटीच्या ग्रुपवर तिच्याबद्दल त्यानंतर कोणी काही लिहिलं नाही, आधी लिहिलेलं कोणी काढलंही नाही. विनीत तिला म्हणाला म्हणे, मॅडम, तुम्ही तेव्हाच साधी गाठ म्हणून लिहिलं असतं तर एवढं काहीच झालं नसतं. ती त्याला म्हणाली, मग मी तुला जे शिकवलं ते मला परत दे.

दिवाळीनंतर श्रेयाच्या काखेत गाठी आल्या. या वेळी तिने कोणाला विचारलं नाही, एकटी परळला गेली, रांगेत उभी राहिली. सुई घातली. काच आकांक्षाच्याच टेबलावर आली. घरच्या माणसाची काच आपण वाचू नये, दुसऱ्याला द्यावी, असा त्यांच्यात शिरस्ता आहे. तिने ती विनीतला दिली, त्याने बघितली आणि तिला बोलावलं, आणि मग कॅन्सर असल्याच्या कागदावर दोघांनी सह्या केल्या. निलेशने हॉस्पिटलमध्ये विचारलं होतं की कागदावर फक्त त्या दुसऱ्या डॉक्टरांचं नाव येईल का. पुढच्या तपासात कळलं, यकृतातही गेलंय.

कमलाबाईंनी जिन्यात सांगायला सुरुवात केली की हिंदळेकरांच्या पोरीने पूजेत येऊन अभद्र तोंड उघडलं, प्रसाद खाताना शाप दिला. मंडळातल्या बायका आकांक्षा लिफ्टमध्ये शिरली की उतरू लागल्या. एक-दोघींनी मुलांच्या कपाळाला काजळ लावलं. ही गोष्ट लिहिताना मला लाज वाटते, कारण या बायकांबरोबर मी टाळ वाजवते.

श्रेयाला इंजेक्शनं सुरू झाली. केस गेले, जीभ सोलवटली, पैठणी नेसणारं अंग काठीवर वाळत घातल्यासारखं झालं. कमलाबाई रोज तिच्या कपाळाला अंगारा लावायच्या. ती लावून घ्यायची. एक दिवस दुपारी मी पेज घेऊन गेले होते. श्रेयाने मला सांगितलं, आकांक्षाताईंना बोलावा. तो रविवार होता, ती घरीच होती, आली. कमलाबाई देवळात गेल्या होत्या, निलेश मुलीला घेऊन खाली.

श्रेया उशीला टेकून बसली होती. तिने विचारलं, "ताई, पूजेच्या दिवशी तुमचं ऐकलं असतं तर?"

मी आकांक्षाकडे बघितलं. मी डोळ्यांनी तिला सांगत होते, म्हण, काही सांगता येत नाही. म्हण, देवाच्या हातात होतं. एवढं सांगायला डिग्री लागत नाही.

आकांक्षा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. "तेव्हा ते काखेत गेलेलं असावं, पण यकृतात नव्हतं. ऑपरेशनच्या आधी दादरला काढलेली तुझी पोटाची सोनोग्राफी मी बघितलीय. लगेच उघडलं असतं तर कळलं असतं, कळलं असतं तर औषध तेव्हाच सुरू झालं असतं. बहुतेक वाचली असतीस."

"आणि बरणीत औषध तसंच राहिलं असतं तर?"

"मग तर मी सोमवारीच सांगितलं असतं."

श्रेया मान हलवत राहिली, एखाद्याने पत्ता सांगावा आणि आपण ओळखीच्या खुणा लक्षात ठेवाव्यात तशी. रडली नाही. म्हणाली, थँक्यू, ताई. मग म्हणाली, आता किती, ते नका सांगू.

बाहेर पॅसेजमध्ये मी आकांक्षाचा दंड धरला. मला राग आवरेना. म्हटलं, अगं, मरणाऱ्या पोरीशी एकदा, एकदाच खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? तिने माझा हात सोडवला नाही. म्हणाली, "काकी, माझ्याकडून तिने आयुष्यात एकच गोष्ट मागितली. तीही मी कुजलेली द्यायची?" आणि आपल्या दारामागे गेली. तिचं बरोबर होतं की नाही, मला आजही ठरवता येत नाही. त्या दिवशी मी तिला मनातल्या मनात कमलाबाईंच्याच ओळीत बसवलं होतं.

श्रेयाने त्याच संध्याकाळी प्रभादेवीला भावाला फोन केला. बॅग मी भरली, तिला वाकता येत नव्हतं. दोन गाऊन, औषधांचा डबा, मुलीचा फोटो. मुलीची शाळा इथली, ती शनिवार-रविवार तिकडे जाईल, असं तिने निलेशला सांगितलं. त्याने बॅग उचलायला हात पुढे केला तर तिने ती माझ्याकडे दिली.

दारात कमलाबाई आल्या, देवळातून आलेल्या, मुठीत अंगाऱ्याची पुडी. त्यांना काही कळेना. बाहेर जातंस तर देवाचो अंगारो लावून जा, म्हणत त्यांनी अंगठा पुढे केला.

श्रेयाने डोकं मागे घेतलं. "आई, आता मला हात लावू नका. मी गेल्यावरही लावायचा नाही. दादाला मी तसं सांगून ठेवलंय."

लिफ्ट आली. न्यायला आलेला तिचा भाऊ तिला धरून आत घेऊन गेला, बॅग मी आत सरकवली, दार मिटलं. कमलाबाई अंगठा तसाच धरून उभ्या. दुपारी मी डॉक्टरणीला घरात आणल्याचं त्यांना जिन्यात कोणी सांगितलं होतं. मग माझ्याकडे वळल्या, आणि वीसेक वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्या आवाजात विनवणी ऐकू आली. तिने माका असा कित्याक म्हटल्यान? त्या डॉक्टरणीने तिका काय सांगितल्यान? सांग गो. तू थयच होतंस.

मी तिथेच होते. आत देवघरात समई लागलेली दिसत होती. निलेश पाठमोरा उभा होता.

मी कमलाबाईंना सांगितलं. एक शब्द गाळला नाही.